धुलाईखोलीतला मोसम

कॅप्टनने किल्ली फिरवली, दार एकदा स्वतःकडे ओढून पाहिलं आणि बाहेरूनच विचारलं,

"काका, पाणी घेतलंत ना?"

"घेतलंय."

"आणि पेपर?"

"तोही घेतलाय. जा आता, शिट्टी होईल."

खिळ्यांच्या बुटांचा खडखडाट कॉरिडॉरमधून लांब गेला आणि बोगद्याच्या तोंडाशी गर्दीच्या आवाजात मिसळून गेला. काकांनी पेपर न उघडताच ड्रायरवर टाकला, स्टूल ओढून खोलीच्या मध्यावर आणलं आणि मान वर करून छताकडे बघत बसले. मॅच बघायची त्यांची जागा आता हीच होती.

काका संघाचे कपडेवाले. देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये खेळणाऱ्या या संघाच्या जर्सी, चड्ड्या, मोजे, टॉवेल हे सगळं गेली बावीस वर्षं त्यांच्या हाताखालून जात होतं. या बावीस वर्षांत कोच आले आणि गेले, खेळाडू आले आणि गेले, एक मालकसुद्धा बदलला. काका तिथेच राहिले. आणि या मोसमात तर ते अक्षरशः तिथेच राहिले, कुलपाच्या आत.

त्याचं असं झालं. मॅचच्या आधी खेळाडू आपली घड्याळं, अंगठ्या, फोन धुलाईखोलीतल्या कपाटात ठेवायचे आणि कॅप्टन शेवटी बाहेर पडताना खोलीला कुलूप लावायचा. ही पद्धत काकांच्याही आधीपासूनची. मोसमाच्या सुरुवातीला संघ ओळीने पाच मॅच हरला होता. सहाव्या मॅचच्या दिवशी काका हरवलेला एक मोजा शोधत ड्रायरच्या मागे रांगत शिरलेले. कॅप्टनचं डोकं ठिकाणावर नव्हतं. त्याने आत न बघता कुलूप लावलं आणि तो खेळायला गेला. काकांनी दार बडवलं, पण पंधरा हजार माणसं ओरडत असताना एका दाराचं कोण ऐकणार? दोन तासांनी दार उघडलं तेव्हा संघ तीन-शून्यने जिंकला होता. काका शिव्या देत बाहेर आले आणि पोरांनी त्यांना खांद्यावर घेतलं.

पुढच्या मॅचला काका नेहमीसारखे टॉवेलची टोपली घेऊन बाकामागे बसले. संघाने चार गोल खाल्ले.

"अरे, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली," काका म्हणाले.

"खरंय काका," कॅप्टन म्हणाला, "पण फांदी मोडायला नको असेल तर कावळ्याने बसूच नये ना?"

सगळे हसले. काकाही हसले. त्यानंतरच्या मॅचला गंमत म्हणून कुलूप लागलं, संघ जिंकला, आणि गंमत तिथेच संपली. मग घरच्या मैदानावर खोलीला कुलूप, आणि बाहेरगावी गेलं की बसचे पडदे ओढून काका आत, बाहेरून ड्रायव्हरची किल्ली. संघ काही प्रत्येक वेळी जिंकत नव्हता. पण हरला की पोरं काकांना विचारायची, "मध्येच खिडकीतून डोकावलात का?" खिडकी छताजवळ होती, हातभर लांबीची, आणि तिला दुधी काच होती. तिथून डोकावायचं तर काकांना पाल व्हावं लागलं असतं.

काकांनी एकेकाला गाठून विचारलं. कोच म्हणाले, "माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही हो, पण मुलांचा आहे." मालिश करणारा म्हणाला, "मी कुठला मानतोय? कॅप्टन मानतो." कॅप्टन तर दुखावलाच. "काका, मी शिकलेला माणूस आहे. पण संघात बाकीचे आहेत ना, त्यांचं मन मोडायचं का?" एकूण संघात मानणारा एकही माणूस सापडला नाही, आणि कुलूप मात्र न चुकता लागत राहिलं.

माणूस कशालाही सरावतो म्हणतात. काका सरावले नाहीत, पण शिकले. धुलाईखोली प्रेक्षकांच्या गॅलरीच्या बरोबर खाली होती. आपला गोल झाला की सगळे पाय एकदम आपटायचे आणि छताचा चुना भुरभुर खाली यायचा. समोरच्याचा झाला की आधी शांतता, मग कोणीतरी एकट्यानेच घातलेली शिवी. गोल थोडक्यात हुकला की हजारो माणसं एकदम खाली बसल्याचा जड आवाज. उरलेली मॅच काका कपड्यांतून वाचायचे. कोण घसरला, कोणाला कोणी पाडलं, कोण नव्वद मिनिटं नुसताच फिरला, हे चिखलाच्या आणि गवताच्या डागांवरून ते इतकं बिनचूक सांगायचे की कोचसुद्धा सोमवारी सहज आल्यासारखं दाखवून मशीनपाशी येऊन उभे राहायचे.

एक जर्सी मात्र वाचण्यासारखी नव्हती. ती काकांच्या मुलाची. मुलगा संघाचा दुसरा गोलकीपर. सहा वर्षं झाली होती, आणि वरच्या लीगच्या मॅचमध्ये तो एक मिनिटसुद्धा खेळला नव्हता. पहिल्या गोलकीपरला कधी साधी सर्दी होत नसे. मुलगा बाकावर बसायचा, मॅच संपली की जर्सी काढून टोपलीत टाकायचा, आणि ती जशी गेली तशी परत यायची, घडीच्या रेषांसकट. काका तीही धुवायचे. "न मळलेली जर्सी धुवायला दुप्पट वेळ लागतो," असं ते एकदा बायकोला म्हणाले होते. तिने फक्त त्यांच्या ताटात आणखी थोडी भाजी वाढली.

तर त्या दिवशी, मोसमातल्या शेवटून दुसऱ्या मॅचला, काका छताकडे बघत बसलेले असताना मॅच संपता संपता छताने एक नवाच आवाज काढला. पाय आपटले, पण एकदम नाही. मग सगळीकडून आरडाओरडा सुरू झाला आणि थांबेचना. हा आपला गोलही नव्हता आणि त्यांचाही नव्हता. काका स्टुलावरून उठून उभे राहिले.

अर्ध्या तासाने कॅप्टनने दार उघडलं. चेहरा पडलेला.

"हरलो?"

"नाही, बरोबरी. पण आपल्या गोलकीपरला लाल कार्ड. शेवटच्या शिट्टीनंतर पंचांच्या अंगावर गेला." कॅप्टन दाराच्या चौकटीला टेकला. "शेवटच्या मॅचला तो नाही."

"अरेरे," काका म्हणाले आणि घाईने मशीनकडे वळले. चेहऱ्यावर जे आलं होतं ते कॅप्टनला दिसू नये म्हणून. लोकांचं घर जळत असताना आपल्याला ऊब लागावी तसं झालं होतं, आणि त्याची त्यांना लाज वाटली. पण ऊब ती ऊबच.

हिशेब सरळ होता. शेवटच्या मॅचला बरोबरी झाली तरी संघ वरच्या लीगमध्ये राहणार होता. हरला तर खालच्या लीगमध्ये जाणार, आणि तिथून वर यायला काही संघांना पिढी लागली होती. हत्ती गेला होता, शेपूट राहिलं होतं, आणि ते शेपूट काकांच्या मुलाच्या हातात आलं होतं.

सोमवारी खेळाडूंच्या खोलीत टॉवेलच्या घड्या घालता घालता काका सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"शनिवारी मी बाहेर बसणार आहे."

कोचना आपल्या वहीत एकदम काहीतरी महत्त्वाचं सापडलं. एक जण वाकून बुटाची नाडी बांधू लागला. त्याच्या पायात चपला होत्या.

"सहा वर्षांत पहिल्यांदा उभा राहतोय तो. मी त्याचा बाप आहे," काका म्हणाले. आवाज थोडा चढला होता, तो त्यांनी खाली आणला. "एवढंच म्हणतोय."

कॅप्टन उठला. भिंतीवरच्या खिळ्याला लावलेली किल्ली त्याने काढली, काकांच्या मुलापाशी गेला आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

"ज्याला गोल सांभाळायचाय त्यानेच ठरवावं," तो म्हणाला. "तू म्हणशील तसं. आमचं काही म्हणणं नाही."

कॅप्टन वाईट माणूस नव्हता. पण स्वतःच्या गळ्यातलं काढून दुसऱ्याच्या गळ्यात घालण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मुलाने किल्लीकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं नाही, आणि किल्ली खिशात टाकली.

तो आठवडा घरात तीनच माणसं असून चालायला जागा नव्हती. मुलगा जेवायला बसला की किल्ली खिशातून काढून ताटाशेजारी ठेवायचा, कारण ती मांडीला टोचायची, आणि जेवून उठला की परत खिशात टाकायचा. काका तिच्याकडे न बघता जेवायचे. तुझा गुडघा कसा आहे, पलीकडच्या संघाचा तो उंच खेळाडू कॉर्नरला कुठे उभा राहतो, असल्या सगळ्या गोष्टी बोलून झाल्या. मुद्द्याचं सोडून सगळं.

गुरुवारी मुलगा सरावाला गेल्यावर बायको म्हणाली, "विचारा ना त्याला."

"मी का विचारू? त्याने सांगावं."

"तो काय सांगणार?" ती कांदा चिरत होती, तिने सुरी खाली ठेवली. "त्याने तुम्हाला बाहेर बसवलं आणि हरले, तर लोक त्याला सोडतील का? आणि आत बसवलं आणि जिंकले, तर तुम्ही त्याला सोडाल का?"

काकांना वाटत होतं की कोंडलेले आपण आहोत. पोरगंही कुठेतरी कोंडलंय, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही, पण ते त्यांनी लक्षात घेतलं नव्हतं.

"माझं तिकीट आहे," ती सुरी उचलत म्हणाली. "मी बघेन आणि सगळं सांगेन तुम्हाला."

"तुला ऑफसाइड कळत नाही."

"गोल वाचला की नाही ते कळतं. तेवढं पुरे."

शनिवार उजाडला. काका सकाळीच मैदानावर गेले, अकरा जर्सी खुंट्यांना लावल्या, बारावीपासून पुढच्या बाकाच्या बाजूला. गोलकीपरच्या खुंटीवर मुलाची जर्सी लावताना त्यांनी ती उगाचच एकदा झटकली. मग धुलाईखोलीत येऊन बसले. मनाशी ठरवलं होतं की पोरगा आला आणि "चला बाबा" म्हणाला तर टोपली उचलायची आणि काहीही न बोलता निघायचं. टोपली त्यांनी भरून तयारच ठेवली होती.

मुलगा आला. हातात ग्लोव्हज, कपाळाला पाणी मारलेलं. त्याने भरलेली टोपली पाहिली.

"बाबा."

"हं."

"बसा तुम्ही," तो म्हणाला.

काकांनी मान हलवली. "पाणी घेतलंय," ते म्हणाले, कारण काहीतरी म्हणायला हवं होतं.

दार बंद झालं. किल्ली फिरली. खट्. आणि पुन्हा एकदा, खट्. पोराला या कुलपाची सवय नाही, काकांच्या मनात आलं. कॅप्टन एकदाच फिरवायचा. कॉरिडॉरमधून कॅप्टनचा आवाज आला, "लावलंस?" आणि मुलाचा, "लावलं." मग बुटांचे खिळे लांब गेले.

काकांना राग आला. साधासुधा नाही, पायाच्या तळव्यापासून चढत आलेला. या पोराला चेंडू पकडायला कोणी शिकवलं? कोचने? कॅप्टनने? याच खोलीत, तो आठ वर्षांचा असताना, काकांनी ओल्या मोज्यांचे बोळे करून त्याच्यावर फेकले होते. रोज शंभर. "ओला बोळा निसटतो," ते म्हणायचे, "जो ओला बोळा पकडेल तो जगातलं काहीही पकडेल." पोरगं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत उड्या मारायचं, भिजून चिंब व्हायचं, आणि घरी गेल्यावर दोघंही बोलणी खायचे. आणि आज त्याच खोलीत त्याच बापाला त्याच पोराने कोंडून घातलं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोणाकडे बोंब मारणार?

पहिला हाफ छतानेच सांगितला. दोनदा जड आवाज, म्हणजे दोनदा थोडक्यात वाचलं. चुना पडला नाही, शिवीही आली नाही. शून्य-शून्य. दुसरा हाफ सुरू झाला तसे काका स्टुलावर बसेनासे झाले. ते मशीनपासून दारापर्यंत आणि दारापासून मशीनपर्यंत फेऱ्या मारू लागले. वरती एकाच ठिकाणी पाय वाजत होते, आपल्या बाजूला. दुसऱ्या हाफमध्ये आपला गोल बोगद्याकडचा असतो, हे त्यांना माहीत होतं. म्हणजे पोरगा इथून पन्नास-साठ पावलांवर उभा असणार. भिंत नसती तर हाक ऐकू गेली असती.

वर एक प्रचंड "अरेऽऽ" झाला. वाचलं की नाही? कोणी वाचवलं? कसं? काकांनी मशीनमधला एक ओला मोजा उचलला, त्याचा बोळा केला आणि जीव खाऊन दारावर फेकला.

बोळा फाटकन आदळला, खाली पडला, आणि दार बोटभर उघडलं.

काका बघतच राहिले. फटीतून कॉरिडॉरच्या दिव्याचा पिवळा पट्टा आत आला होता. त्यांनी जाऊन दाराला हात लावला. दार बाहेर सरकलं. कडी नाही, कुलूप नाही. खट्, आणि पुन्हा खट्. एकदा लावलं आणि एकदा काढलं. आणि जाताना त्याने दार ओढून पाहिलं नव्हतं, कॅप्टनसारखं. सांगायचं होतं ते त्याने सांगितलं होतं. बाप दीड तास रुसून बसला होता.

आता फक्त बाहेर पाऊल टाकायचं होतं. आणि ते पडेना. मोसमभर ज्या गोष्टीला ते हसले होते ती उंबऱ्यावर येऊन आडवी झोपली होती. 'माझा यावर काडीचा विश्वास नाही,' काका स्वतःशी म्हणाले, 'पण...' आणि तो 'पण' ऐकून ते दचकले. हाच 'पण' कोचच्या तोंडचा, हाच कॅप्टनच्या. म्हणजे आपणही त्यांच्यातलेच की काय? त्यांनी स्वतःलाच एक शिवी घातली आणि उंबरा ओलांडला.

बोगद्याच्या तोंडापर्यंत बावीस पावलं. तिथला रखवालदार गर्दीकडे तोंड करून उभं राहायचं सोडून मैदानाकडे तोंड करून उभा होता, चवड्यांवर. काका त्याच्यामागे अंधारात थांबले. बोगद्यातून मैदानाचा एक उभा तुकडा दिसत होता, आणि त्या तुकड्यात आपला गोल, आणि गोलसमोर त्यांचा मुलगा. पाठमोरा. जर्सीची डावी बाजू चिखलाने काळी झाली होती. सहा वर्षांत पहिला डाग.

समोरच्यांना कॉर्नर मिळाला. चेंडू उंच आला, सावकाश, पकडण्यासारखा. 'पकड,' काका मनात म्हणाले. मुलगा उडाला आणि त्याने ठोसा मारला. चेंडू गर्दीतून बाहेर निघाला तो थेट समोरच्यांच्या उंच खेळाडूच्या पायापाशी. पुढचं क्षणात झालं. जाळी हलली. छताखालची शांतता आता काकांनी उघड्यावर ऐकली, आणि मग ती एकट्याची शिवी.

काकांचे पाय आपोआप मागे वळले. पळायचं, दार ओढायचं, आत जाऊन बसायचं. अजून वेळ गेलेली नाही. त्याच वेळी मुलगा जाळीतला चेंडू काढायला वळला, आणि वाकलेला उठताना त्याची नजर बोगद्यात गेली. त्याने काकांना पाहिलं. काका जिथल्या तिथे थांबले. आता ते गेले असते तर त्या जाण्याचा एकच अर्थ झाला असता, आणि तो पोराने गोलमध्ये उभं राहून उरलेल्या मॅचभर वागवला असता. काका दोन्ही हात मागे बांधून उभे राहिले, भाजी आणायला आलेला माणूस रांगेत उभा राहतो तसे. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. मुलगा एक क्षण बघत राहिला, मग त्याने चेंडू मध्यभागाकडे लाथाडला आणि तो पाठ करून उभा राहिला.

बारा मिनिटं उरली होती. काकांनी ती सगळी मुलाच्या पाठीत पाहिली. पलीकडच्या गोलपाशी काय चाललंय ते त्या तुकड्यातून दिसतच नव्हतं. आठव्या मिनिटाला मुलाचे खांदे वर गेले, वरच राहिले, आणि तो जागच्या जागी माकडासारखा उड्या मारू लागला, तेव्हा काकांना कळलं की आपला गोल झाला. एक-एक. रखवालदाराने शेजारच्या खांबाला मिठी मारली.

आणि अगदी शेवटी, तो उंच खेळाडू एकटाच सुटून आला. त्याने डाव्या कोपऱ्यात जमिनीलगत मारला. मुलगा पडला, आडवा, पूर्ण लांब, आणि चेंडू त्याने ठोसला नाही की ढकलला नाही. दोन्ही हातांनी धरला आणि छातीखाली घेऊन त्याच्यावर पडून राहिला. ओला बोळा, काका मनात म्हणाले. त्यांनी डोळे पुसले आणि शिट्टीची वाट न बघता ते मागे फिरले. बावीस पावलं. दार ओढून घेतलं, ओला मोजा उचलून मशीनमध्ये टाकला, स्टुलावर बसले. पेपर उघडला.

छत कोसळतंय की काय असा आवाज झाला. चुन्याने काकांचं डोकं पांढरं झालं. मग कॉरिडॉरमध्ये गोंगाट, आणि त्यात कॅप्टनचा आवाज, "किल्ली! किल्ली कुठाय?"

"थांब, मी उघडतो," मुलगा म्हणाला.

खट्. खट्.

दार उघडलं आणि अख्खा संघ आत शिरला. कॅप्टनने काकांना स्टुलासकट उचललं. "वाचलो काका! तुमच्यामुळे वाचलो! गोल बसला ना आपल्याला, तेव्हा एक क्षण मला वाटलं, दार उघडं राहिलं की काय!"

काका त्याच्या खांद्यावरून मुलाकडे बघत होते. मुलगा दाराशी उभा होता, डोक्यापासून पायापर्यंत चिखल. एक वाक्य बोललं की कुलूप कायमचं सुटलं असतं. 'अरे मूर्खांनो, मी बाहेरच होतो, तरी तुम्ही वाचलात.' पण त्यांनी दुसराच अर्धा भाग ऐकला असता. बाप बाहेर होता आणि गोल बसला. दार कोणी उघडं ठेवलं? काकांनी ते वाक्य गिळलं. पण दुसरं एक घशाशी बारा मिनिटं अडकलं होतं, ते तोंडातून निघूनच गेलं.

"ओले बोळे पकडायला शिकवलं ते ठोसे मारायला? पकडायचा होता तो."

कॅप्टनने स्टूल खाली ठेवलं.

"काका," तो सावकाश म्हणाला, "त्याने ठोसा मारला हे तुम्हाला कसं कळलं?"

मुलाचा चेहरा चिखलाखाली पांढरा पडला. काका उठले, त्याच्यापाशी गेले आणि त्याच्या हातातले ग्लोव्हज घेऊन त्यांनी कॅप्टनसमोर धरले.

"मुठीवर चुन्याचा पट्टा बघ. चेंडूवर कॉर्नरच्या रेषेचा चुना होता, तो तळव्याला लागायला हवा होता. मुठीला कसा लागला?"

कॅप्टनने पट्टा पाहिला. मग त्याने टाळी वाजवली. "कपडे वाचतात काका, कपडे! पुढच्या मोसमालाही काका आतच. आणि किल्ली याच्याच हातात, हात लाभलाय याचा!" सगळे ओरडले. कोचही, ज्यांचा काडीचा विश्वास नव्हता, मान डोलावत होते.

हळूहळू सगळे आंघोळीला गेले. मुलगा मागे राहिला. त्याने जर्सी डोक्यावरून काढली; चिखलाने ती इतकी जड झाली होती की टोपलीत पडताना आवाज झाला. काकांनी ती उचलून वेगळी ठेवली.

"पुढच्या मोसमाला तो परत येईल," मुलगा म्हणाला. पहिल्या गोलकीपरबद्दल.

"येणारच."

"म्हणजे मी बाकावर." तो किल्ली बोटाभोवती फिरवत होता. "पण किल्ली माझ्याकडेच राहील. दोनदाच फिरवत जाईन, बाबा. दर वेळी."

काकांनी मशीनचं झाकण उघडलं, कोपरापर्यंत हात घालून मोजे सारखे केले.

"तू गोलमध्ये असलास तर दोनदा फिरव," ते म्हणाले. "नाहीतर एकदाच."